ऑटोक्रॉससाठी टायर : परदेशी यादी आणि आपला रस्ता

प्रति,
मा. संपादक,
वाचकांची पत्रे

विषय : ऑटोक्रॉससाठी टायर निवडण्याविषयी आपल्या पुरवणीतील सल्ला

महोदय,

आपल्या दैनिकाच्या वाहनविषयक पुरवणीत ऑटोक्रॉस या खेळाची ओळख करून देणारा लेख नुकताच वाचला. मोकळ्या डांबरी मैदानावर नारिंगी कोन मांडून आखलेला मार्ग, एका वेळी एकच गाडी, घड्याळाशी चाललेली झुंज आणि कोन पडला की वेळेत मिळवला जाणारा दंड, हे सारे लेखकाने नेमकेपणाने मांडले आहे. मराठी वृत्तपत्रात या खेळाला जागा मिळाली याचे समाधानही आहे. मात्र लेखाच्या अखेरीस ‘ट्रेडवेअर २०० असलेला आणि रिमवर बसेल तितका रुंद टायर घ्यावा’ (ट्रेडवेअर म्हणजे टायरवर छापलेला झिजेचा आकडा) असा सल्ला एका वाक्यात उरकला आहे, त्याविषयी हे पत्र लिहीत आहे. तो सल्ला ज्या परदेशी टायर-याद्यांतून आला तिथे चुकीचा नाही. पण ज्याच्या घरी एकच गाडी आहे आणि जी सोमवारी सकाळी त्याच टायरांवर ऐरोलीच्या किंवा माजिवड्याच्या गर्दीत उभी राहणार आहे, त्या ठाणे-नवी मुंबईकराने तो जसाच्या तसा पाळला तर पैसे जातील आणि अपेक्षित पकडही हाती लागणार नाही. माझी नोकरीची वर्षे ठाणे-बेलापूर पट्ट्यातील एका कारखान्यात रबराची मिश्रणे करण्यात गेली आणि माझी भाची स्वतःच्या स्विफ्टने या स्पर्धांत उतरते, एवढ्याच अधिकाराने लिहितो.

ऑटोक्रॉसमध्ये टायरकडून जे काम करून घेतले जाते ते सर्किटवरील शर्यतीपेक्षा निराळे असते. धाव जेमतेम मिनिटभराची, बहुतेक वेळ गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, वेग महामार्गावरच्या नेहमीच्या वेगापुढे क्वचितच जातो. पण त्या मिनिटभरात गाडीला सतत एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे फेकले जाते आणि मग पुढची पाळी येईपर्यंत ती रांगेत उभी राहते. आपल्याकडील बहुतेक हॅचबॅक गाड्यांत इंजिन आणि गिअरबॉक्स पुढे असतात व ओढही पुढच्याच चाकांची असते, म्हणजे वळणे, ओढणे आणि ब्रेकचा मोठा वाटा उचलणे ही तिन्ही कामे पुढच्या दोन टायरांवर येतात. चालकासह साधारण ९७० किलोच्या गाडीत उभ्या स्थितीत पुढच्या प्रत्येक टायरवर सुमारे ३०० किलो भार असतो. हवेचा दाब ३३ पीएसआय धरला तर त्या टायरचा जमिनीला टेकलेला भाग हिशेबाने साधारण १३० चौरस सेंटीमीटर, म्हणजे पोस्टकार्डाएवढा भरतो. टायर रुंद घेतला तरी दाब आणि भार तेच असल्यास हे क्षेत्रफळ फारसे वाढत नाही. त्याचा आकार बदलतो, तो आडवा रुंद आणि उभा आखूड होतो. वळणात त्याचा थोडा फायदा होतो, हे खरे. परंतु ‘रुंद टायर म्हणजे दुप्पट रबर रस्त्यावर’ ही जी समजूत टायरच्या दुकानांतून ऐकू येते, तिला आधार नाही.

आता त्या २०० या आकड्याविषयी. ट्रेडवेअर हा अमेरिकेच्या यूटीक्यूजी या सरकारी प्रतवारी पद्धतीचा एक भाग आहे. टेक्सासमधील ठरावीक रस्त्यांवर गाड्यांच्या ताफ्यात ७,२०० मैल, म्हणजे सुमारे ११,६०० किलोमीटर, टायर चालवला जातो आणि त्याची झीज एका प्रमाण टायरच्या झिजेशी ताडून पाहिली जाते. प्रमाण टायर १०० धरला तर २०० म्हणजे त्या चाचणीत त्याच्या दुप्पट टिकेल असा टायर. हा आकडा स्वतः कंपनी ठरवते व साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूवर, छापते, आणि तो झिजेचा आहे, पकडीचा नाही. त्याच्या शेजारी छापलेली एए, ए, बी, सी ही अक्षरे पकडीची आहेत. पण तीही ओल्या रस्त्यावर सरळ रेषेत ब्रेक लावल्यानंतरच्या पकडीची. कोनांमधून वळताना टायर कसा वागेल याविषयी ती काहीही सांगत नाहीत.

मग २०० या आकड्याला एवढे महत्त्व का आले? स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका या संस्थेच्या ऑटोक्रॉस नियमांत ‘स्ट्रीट’ गटाच्या टायरसाठी किमान ट्रेडवेअर २०० असावे अशी अट आहे. अट आली की तिच्या काठावर, म्हणजे चालेल तितके मऊ रबर घेऊन, उभे राहणारे टायर बाजारात येणारच. योकोहामा ॲडव्हान ए०५२, ब्रिजस्टोन पोटेंझा आरई-७१आरएस, फाल्कन अझेनिस आरटी६६० आणि हँकूक व्हेंटस आरएस४ या चारही टायरांवर २०० हाच आकडा आहे, आणि तरीही त्यांचे स्वभाव एकमेकांशी जुळत नाहीत. ए०५२ पहिल्याच वळणापासून पकड देतो, पण लवकर तापून ढिला पडतो. एकाच गाडीत दोन चालक आळीपाळीने उतरतात तेव्हा तिकडचे लोक दोन धावांच्या मध्ये त्याच्यावर पाण्याचा फवारा मारतात. आरएस४ ला थोडी उष्णता लागते, पण तो टिकतो आणि तापल्यावरही बराच काळ भान सोडत नाही. अशा दोन टायरांना एकाच आकड्याने ओळखून वाचकाला दुकानात पाठवणे म्हणजे त्याला काहीच न सांगण्यासारखे आहे.

उष्णतेचा मुद्दा थोडा विस्ताराने मांडतो, कारण परदेशी परीक्षणे आपल्याला सर्वांत जास्त फसवतात ती इथेच. रबर दाबून सोडले की त्यात घातलेली सगळी ऊर्जा ते परत करत नाही. काही भाग उष्णतेच्या रूपाने आत जिरवते. मिश्रण करणारी मंडळी या गुणाला टॅन डेल्टा म्हणतात आणि तो वेगवेगळ्या तापमानांना मोजतात. शून्य अंशाला तो जास्त असेल तर ओल्या रस्त्यावरची पकड चांगली असण्याची शक्यता असते. साठ अंशाला तो कमी असेल तर टायर हलका फिरतो आणि इंधन वाचते. सिलिका आणि तिला रबराशी बांधणारे सिलेन वापरून या दोन्ही गोष्टी एका मर्यादेपर्यंत एकत्र साधता येतात, आणि नव्या गाडीबरोबर येणारे टायर बहुधा अशा मायलेजकडे झुकलेल्या मिश्रणाचे असतात. कोरड्या डांबरावर जोरात वळायचे असेल तर नेमके उलटे हवे असते, म्हणजे डांबराच्या बारीक खाचाखोचांत शिरून ऊर्जा जिरवणारे रबर. ते ऊर्जा जिरवते म्हणूनच तापते, आणि एका ठरावीक पट्ट्यापलीकडे तापले की त्याची पकड उतरू लागते.

अमेरिकेतील किंवा युरोपातील परीक्षण वाचताना निम्मी चर्चा थंड सकाळची असते : जमीन दहा-बारा अंशांवर आहे, पहिल्या धावेत टायर जागा होत नाही, म्हणून लवकर तापणारा टायर घ्या. आपल्याकडे जानेवारीतही सकाळी नऊनंतर ही तक्रार उरत नाही, आणि एप्रिल-मेच्या दुपारी तर काळ्या डांबराचा पृष्ठभाग पन्नास अंशांच्या पुढे सहज जातो. रांगेत उभ्या असलेल्या गाडीचा उन्हाकडचा टायर न धावताच कोमट झालेला असतो आणि त्याच्यातील हवेचा दाबही सावलीकडच्यापेक्षा चढलेला असतो. अशा मैदानावर लवकर तापण्याच्या गुणासाठी जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही. तापल्यावरही टिकून राहण्याच्या गुणासाठी मोजण्यात आहे. याची खूण स्पर्धेच्या दिवशी हमखास दिसते. सुरुवातीच्या धावांत चपळ वाटणारी गाडी दुपारी स्टीअरिंग वळवूनही सरळच जाऊ लागते, चालक घाबरून ते आणखी वळवतो, त्यामुळे पुढच्या टायरचा बाहेरचा खांदा (नक्षी जिथे साइडवॉलला मिळते ती कड) आणखी घासला जातो व आणखी तापतो, आणि धाव संपल्यावर हात लावून पाहिले तर खांद्यावर रबराच्या बारीक गोळ्या जमलेल्या असतात. त्या वेळी चालकाला वाटते की टायर कमी मऊ पडला. प्रत्यक्षात इतक्या उष्णतेसाठी तो जास्तच मऊ असतो.

मापाच्या बाबतीतही परदेशी यादी आपल्या गाड्यांना बसत नाही. तिकडच्या ऑटोक्रॉसमध्ये माझदा मियाटा ही छोटी, मागच्या चाकांवर चालणारी गाडी फार लोकप्रिय आहे आणि पंधरा इंची स्पर्धात्मक टायर प्रामुख्याने तिच्या मापांत, १९५/५० आर १५ किंवा २०५/५० आर १५ मध्ये, निघतात. (यातला पहिला आकडा टायरची मिलिमीटरमधील रुंदी, दुसरा साइडवॉलची उंची रुंदीच्या किती टक्के ते, आणि शेवटचा रिमचा इंचांतील व्यास.) आपल्या स्विफ्टला १६५/८० आर १४ किंवा १८५/६५ आर १५ आणि बलेनोला १८५/६५ आर १५ किंवा १९५/५५ आर १६ ही मापे येतात. या तिन्ही मापांचा बाहेरचा व्यास काढला तर तो ६२० मिलिमीटरच्या अलीकडे-पलीकडे दोन मिलिमीटर एवढाच येतो. कंपनीने गिअर, स्पीडोमीटर आणि चाकाच्या कमानीतील जागा त्याच हिशेबाने ठरवलेली असते. १९५/५० आर १५ चा व्यास मात्र ५७६ मिलिमीटर आहे. तो बसवला की गाडी सुमारे २३ मिलिमीटर खाली येते, म्हणजे सोसायटीच्या फाटकासमोरच्या गतिरोधकावर तिचे पोट घासण्याची सोय होते, आणि स्पीडोमीटर पूर्वीपेक्षा आठ टक्क्यांच्या आसपास जास्त वेग दाखवू लागतो. गाडी सुटताना चपळ वाटते, कारण गिअर आखूड झाल्यासारखे होतात. पण दुसरा गिअर लवकर संपतो आणि धावेच्या मध्येच तिसरा टाकावा लागतो. आणखी एक गोष्ट सहसा कोणी बघत नाही. १८५/६५ आर १५ च्या टायरवर भारांक बहुधा ८८, म्हणजे एका टायरला ५६० किलो, असा असतो; १९५/५० आर १५ वर तो ८२, म्हणजे ४७५ किलो असतो. कंपनीने सांगितलेल्या भारांकाच्या खाली जाणे हे नुसते शौकापुरते राहत नाही. गावाला जाताना गाडीत पाच माणसे आणि सामान असते, तेव्हा तोच टायर खाली असतो.

रुंदीच्या मोहाचेही तसेच आहे. साडेपाच इंची रिमवर २०५ चा टायर कसाबसा बसतो, पण साइडवॉल बाहेर फुगते, आणि कोन टाळायला स्टीअरिंग झटक्यात फिरवले की टायर आधी रिमवरच झुकतो व नंतर वळतो. त्याच रिमवरचा १८५ किंवा १९५ चा ताठ टायर कोनांमध्ये अधिक नेमका वागतो. रुंद टायरला न्याय द्यायचा तर रिमही रुंद हवी, ती बहुधा जड असते, आणि जड चाक खड्ड्यातून उसळते. तेव्हा कंपनीचे माप, किंवा फार तर त्याच व्यासाचे एक पायरी रुंद माप, यापलीकडे नवख्याने जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

यानंतर रस्ता. स्पर्धेचे मैदान वर्षातून थोडे दिवस भेटते, घोडबंदर रस्ता आणि शीव-पनवेल महामार्ग रोज भेटतात. पावसाळ्यात या रस्त्यांवर खड्डे कुठे आहेत ते पाण्यामुळे दिसत नाही, आणि कमी उंचीच्या साइडवॉलचा टायर अशा खड्ड्यात जोरात बसला की आतले धागे तुटून बाजूला फुगा येतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, तो काढूनच टाकावा लागतो. २०० च्या वर्गातील बहुतेक टायरांच्या नक्षीत रबर जास्त आणि खाचा कमी असतात, म्हणजे पाणी बाहेर टाकण्याची क्षमता मुळातच बेताची. टायर निम्मा झिजल्यावर ती आणखी घटते. कायद्याने मोटारीच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल असावी लागते, पण साचलेल्या पाण्यावरून ताशी ८० किलोमीटरने जाताना टायर तरंगू लागण्यासाठी नक्षी तिथवर झिजावी लागत नाही. आणि खडी! तुर्भे-पावणे परिसरात रस्त्यावर सांडलेली बारीक खडी मऊ रबर चुंबकासारखी उचलते. घरी पोहोचेपर्यंत चाकाच्या कमानीत ती वाजत राहते आणि एखादा धारदार तुकडा खाचेत रुतून पुढे पंक्चरला कारण होतो.

उपलब्धतेचा प्रश्न लेखात आलाच नव्हता, म्हणून थोडक्यात. जून २०२० पासून नव्या टायरांची आयात ‘मुक्त’ वरून ‘निर्बंधित’ यादीत गेली आहे आणि मोटारीच्या टायरवर आयएसआय चिन्हही सक्तीचे आहे. त्यामुळे वर उल्लेखलेले टायर एखाद्या हौशी माणसाने चारच्या संख्येने मागवणे सोपे राहिलेले नाही, आणि आपल्या भागातील दुकानांत पंधरा इंची मापात ते सहसा दिसत नाहीत. जे ‘इम्पोर्टेड’ म्हणून कमी भावात पुढे केले जातात त्यांच्या साइडवॉलवरील तारीख आधी वाचावी. डॉट या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. २३२४ असतील तर तो टायर २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. पकडीसाठी केलेले मऊ मिश्रण वयाने कडक होते, नक्षी कितीही खोल उरलेली असो. अंगठ्याचे नख रोवून पाहिले तर साध्या माणसालाही फरक कळतो, आणि खाचेच्या तळाशी बारीक तडे दिसले तर पुढे बोलणेच नको.

मग घ्यावे काय? भाचीने मला हाच प्रश्न विचारला होता : “मामा, चांगले टायर टाकले तर दोन सेकंद सहज कमी होतील ना?” होतीलही, असे मी म्हणालो, पण आधी आहेत ते टायर नीट वापरून संपव. यात काटकसर हा मुद्दा नव्हता. साधा टायर मर्यादेजवळ आला की आधीच किंचाळू लागतो आणि हळूहळू सुटतो. तो चालकाला वेळेवर सांगतो. जास्त पकडीचा टायर उशिरापर्यंत गप्प राहतो आणि सुटतो तेव्हा एकदम सुटतो, त्यामुळे नवख्याला आपण कुठे चुकलो हे कळत नाही. पहिला हंगाम कंपनीच्या टायरांवर काढल्यानंतर, आणि ते झिजल्यावर, ट्रेडवेअर साधारण ३०० च्या आसपास असलेला, उन्हाळी पकडीचा पण ओल्या रस्त्यासाठी नक्षी असलेला स्पोर्ट वर्गातील टायर घ्यावा. सतरा इंची आणि त्यापुढच्या मापांत मिशेलिन पायलट स्पोर्ट ४ हे याचे परिचित उदाहरण. भारतीय कंपन्यांनीही सीएट स्पोर्टड्राइव्ह, एमआरएफ परफिंझा अशा श्रेणी आणल्या आहेत. त्यातले आपल्या गाडीच्या मापात काय मिळते ते दुकानात विचारावे. साइडवॉल दोन्ही अंगठ्यांनी दाबून ताठपणा पाहावा आणि चारही टायर एकाच जातीचे घ्यावेत. पुढे दोन चांगले आणि मागे दोन जुने, ही आपल्याकडची लाडकी काटकसर ओल्या रस्त्यावर गाडीचे शेपूट फिरवते. स्टेपनी वेगळ्या मापाची राहणार असेल तर तीही लक्षात ठेवावी. नवे टायर आल्यावर पहिले दीडशे-दोनशे किलोमीटर सावकाश चालवावेत, कारण साच्यातून सुटण्यासाठी वापरलेल्या द्रव्याचा गुळगुळीत थर सुरुवातीला वर असतो.

टायर कोणताही असो, हवेचा दाब नीट राखला नाही तर निवड वाया जाते, आणि या बाबतीत महागड्या उपकरणाची गरज नाही. शाळेतला पांढरा खडू घ्यावा आणि ट्रेड, म्हणजे नक्षीचा भाग, जिथे साइडवॉलला मिळतो त्या खांद्यावर तीन-चार ठिकाणी आडव्या रेघा ओढाव्यात. बऱ्याच टायरांवर त्या जागी एक छोटा त्रिकोण असतो. धाव संपताच खाली बसून पाहावे : खडू त्रिकोणाच्या खालपर्यंत, म्हणजे रिमच्या दिशेने, पुसला गेला असेल तर टायर वळणात लोळतो आहे आणि हवा कमी आहे, त्रिकोणाच्या बऱ्याच वर खडू शाबूत असेल तर हवा जास्त आहे आणि टायर फक्त मध्यावर चालला आहे. साध्या, नरम साइडवॉलच्या टायरांत पुढच्या चाकांसाठी ३६ ते ३८ पीएसआयपासून सुरुवात करणे ठीक वाटते, ताठ टायरांत त्याहून कमी. तिथून एक-दोन पीएसआय वरखाली करून पाहावे. तापमान पाच-सहा अंशांनी चढले की दाब साधारण एक पीएसआयने वाढतो, म्हणून सकाळी सातला भरलेली हवा अकरा वाजता तीच आहे असे समजू नये आणि प्रत्येक वेळी स्वतःचे एकच गेज वापरावे. पेट्रोल पंपावरच्या दोन यंत्रांचे एकमेकांशी पटेलच असे नाही. परतताना दाराच्या चौकटीवरील स्टिकरप्रमाणे हवा पुन्हा करून घ्यायला मात्र विसरू नये. अलाइनमेंटही नवे टायर टाकतानाच करून घ्यावी. पुढच्या चाकांना थोडा उणे कॅम्बर (चाकाचा वरचा भाग किंचित आत झुकलेला असणे) मिळाला तर बाहेरचा खांदा वाचतो, पण बहुतेक हॅचबॅकमध्ये कंपनीने तो बदलण्याची फारशी सोय ठेवलेली नसते, आणि म्हणूनच खांदा ताठ असलेला टायर आपल्यासाठी अधिक मोलाचा.

ज्यांना परवडते ते स्पर्धेसाठी रिमसह दुसरा संच ठेवतात, आणि तसे केले तर २०० च्या वर्गाला हरकत घेण्याचे माझे निम्मे कारण नाहीसे होते. फक्त तो संच ठेवायला आपल्याकडे जागा कुठे असते? बहुतेक जण सोसायटीच्या पंपरूमकडे बोट दाखवतात, आणि रबरासाठी त्याहून वाईट जागा सापडणे कठीण. विजेच्या मोटारींच्या ठिणग्यांतून ओझोन तयार होतो आणि ताणलेल्या रबराला तोच तडे पाडतो. काळ्या पिशवीत गुंडाळून, घरातल्या अंधाऱ्या, कोरड्या कोपऱ्यात, हवा थोडी कमी करून आडवे रचून ठेवले तर ते टिकतील.

नवे टायर ‘तापवून बघण्यासाठी’ रात्री पाम बीच मार्गावर जाणाऱ्यांसाठी एवढेच सांगतो, की मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली परवानगीशिवाय सार्वजनिक जागी शर्यत किंवा वेगाची चाचणी केल्यास, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, पहिल्या गुन्ह्यालाही तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. गाडीच्या विमा पॉलिसीतही ‘संघटित शर्यत’ आणि ‘वेगचाचणी’ हे वापर वगळलेले असतात. अधिकृत स्पर्धेत उतरण्यापूर्वीही पॉलिसीतले ते कलम वाचून आयोजकांना त्याविषयी विचारलेले बरे.

आपल्या पुरवणीकडून एक अपेक्षा आहे. पुढच्या वेळी टायरविषयी लिहिताना ट्रेडवेअरच्या आकड्याबरोबर आपल्याकडे खरोखर मिळणारी चौदा, पंधरा आणि सोळा इंची मापे, त्यांचे भारांक, उत्पादनाची तारीख वाचण्याची रीत, आणि जमल्यास ओल्या डांबरावर त्याच गाडीने ताशी ६० किलोमीटरवरून थांबायला लागलेले अंतर, एवढा तक्ता छापावा. अशी चाचणी करायला सर्किट लागत नाही. परवानगी घेतलेले एक बंद मैदान, पाण्याचा एक टँकर आणि मोजपट्टी पुरते.

आपला,
एक वाचक,
ऐरोली, नवी मुंबई